आर्ताचा अधिकार

१

भगवद्गीतेच्या सातव्या अध्यायात भक्तांचे चार प्रकार सांगितले आहेत: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. गीतेने चौघांचाही गौरव केला आहे. तथापि ज्ञानी भक्ताला तिने जे श्रेष्ठत्व दिले त्याचा परिणाम भाष्यकारांच्या मनावर इतका खोल झाला, की उरलेल्या तिघांकडे ज्ञानाच्या वाटेवरील पायऱ्या म्हणून पाहण्याची सवय पडली. त्यांतही आर्ताची पायरी सर्वांत खालची मानली गेली. संकट आले म्हणून ज्याला देव आठवला, त्याला संकट सरताच देवाचा विसर पडेल, अशी शंका या प्रतवारीच्या मुळाशी आहे. ज्याला उद्देशून गीता सांगितली गेली तो अर्जुन स्वतः विषादाने ग्रासलेला होता आणि गीतेचा पहिला अध्याय त्या विषादाच्याच नावाने ओळखला जातो, ही गोष्ट मात्र प्रतवारी लावताना सहसा विचारात घेतली जात नाही.

मराठी संतकवितेच्या समीक्षेवरही या प्रतवारीची छाया पडलेली आहे. नामदेवांची आळवणी, जनाबाईंचे रुसणे, तुकारामांचे देवाशी भांडण, रामदासांची करुणाष्टके ही या वाङ्मयाची केवढी तरी मोठी संपत्ती. परंतु तिचा विचार होतो तो पुढे येणाऱ्या साक्षात्काराची पूर्वतयारी म्हणून. दुःखाची वाणी ही शांतीच्या वाणीची प्रस्तावना ठरते आणि प्रस्तावना जशी घाईने वाचली जाते तशी तीही वाचली जाते. या वाचनात एक मूलभूत प्रश्न अनुत्तरित राहतो. घोर संकटात सापडलेल्या माणसाला देवापासून बळ मिळाले असे म्हटले जाते, तेव्हा त्याला नेमके काय मिळालेले असते? संकट टळलेले असते, की संकटाचा अर्थ उमगलेला असतो? आर्तवाणीचे श्रेष्ठ नमुने लक्षपूर्वक वाचले असता असे दिसते, की बहुधा या दोहोंपैकी काहीच घडलेले नसते. मिळालेला असतो तो बोलण्याचा अधिकार. आणि बळ म्हणतात ते त्या अधिकाराच्या वापरातच प्रकट होते.

२

आर्त भक्ताचे पौराणिक आदर्श म्हणून गजेंद्र आणि द्रौपदी यांची नावे कीर्तनांतून व आख्यानकाव्यांतून शतकानुशतके घेतली गेली आहेत. दोघांच्याही कथेची लोकांच्या मनातील घडण एकच आहे: स्वतःचे बळ सरते, आप्तांचा आधार तुटतो, आर्त हाक जाते आणि देव धावून येतो. या घडणीत देवाचे धावून येणे हाच कळस वाटतो. परंतु द्रौपदीच्या कथेचा पाठ-इतिहास वेगळे काही सुचवितो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत सभापर्वाचे संपादन फ्रँक्लिन एजर्टन यांनी केले. ते १९४४ मध्ये पूर्ण झाले. द्रौपदी कृष्णाचा धावा करते तो प्रसिद्ध भाग हस्तलिखितांच्या साक्षीवरून त्यांनी मूळ संहितेबाहेर ठेवला. त्या संहितेत वस्त्रे पुरविली जातात. धावा मात्र नाही.

पाठचिकित्सेच्या दृष्टीने हा एका प्रक्षेपाचा प्रश्न आहे. वाङ्मयाच्या दृष्टीने मात्र तो प्रक्षेप बोलका आहे. मागाहूनच्या कवींना व कथेकऱ्यांना चमत्कार अपुरा वाटला नाही; तो आधीच पुरेसा अद्भुत होता. त्यांना अपुरी वाटली ती द्रौपदीची निःशब्दता. सभेत तिने धर्माचा प्रश्न विचारला होता आणि त्याचे उत्तर कोणी दिले नव्हते. भीष्मांसारखा ज्ञानीही धर्माची गती सूक्ष्म आहे असे सांगून थांबला. जिथे ऐकणारे सगळे मुके झाले तिथे ऐकणारा कोणी तरी असलाच पाहिजे आणि त्याला तिने संबोधलेच पाहिजे, अशी परंपरेची निकड होती. सुटकेत भर घालण्याची गरज तिला भासली नाही. तिने भर घातली ती हाकेत. आर्तभक्तीचे मर्म भारतीय मनाने कुठे पाहिले, याचा हा पुरावा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

३

पुराणातील आर्त आणि संतकवितेतील आर्त यांत मात्र एक अंतर आहे. गजेंद्राची हाक ऐकली जाते. संतकवीची हाक ऐकली गेली की नाही याची खात्री कवितेला नसते. ती अनिश्चिती सोसून बोलत राहणे हा त्या कवितेचा धर्म आहे आणि तुकारामांच्या अभंगांत त्याचे सर्वांत उघडे रूप दिसते.

तुकारामांच्या जीवनातील आपत्तींची हकीगत सर्वश्रुत आहे. देहूच्या या वाण्याच्या घरात सुस्थिती होती. आई-वडील गेले, १६३० च्या सुमारास दख्खन आणि गुजरात यांवर कोसळलेल्या भीषण दुष्काळात धन गेले, प्रतिष्ठा गेली, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, व्यापार बुडाला. संतांच्या आग्रहावरून सांगितलेल्या आपल्या आत्मचरित्रपर अभंगात तुकारामांनी हे सारे सांगितले आहे आणि त्या कथनाची रीत विचार करण्यासारखी आहे. पत्नीच्या मृत्यूला तिथे मोजके शब्द लाभतात. त्या मृत्यूचे कारण देवाच्या कोणत्याही योजनेत शोधले जात नाही. आपल्याला लाज वाटली, या दुःखाने त्रास झाला, एवढेच ते नोंदवितात आणि लगेच मोडकळीला आलेल्या देवळाकडे वळतात: ते दुरुस्त करावे असे त्यांच्या मनात आले. दुःखाचे स्पष्टीकरण आणि दुःखानंतरची कृती यांतील निवड इतक्या साधेपणाने क्वचितच मांडली गेली असेल.

पुढे कवित्व स्फुरले आणि त्याला विरोध झाला. वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या आणि परंपरेप्रमाणे तेरा दिवस तुकाराम नदीकाठी अन्नपाण्यावाचून पडून राहिले. चरित्रकारांचे व कीर्तनकारांचे लक्ष वह्या कोरड्या वर आल्या या गोष्टीवर खिळते. समीक्षकाचे लक्ष त्याच आत्मचरित्रपर अभंगातील एका शब्दावर जावयास हवे. आपण त्या वेळी काय केले हे सांगण्यासाठी तुकाराम जप, तप, व्रत किंवा प्रार्थना यांपैकी कोणताही शब्द योजीत नाहीत. ते म्हणतात, आपण धरणे धरून बसलो.

धरणे हा त्या काळच्या सावकारीतला शब्द आहे. ऋणको दाद देईना की धनको त्याच्या दाराशी उपाशी बसे. बसणाऱ्याचे काही बरेवाईट झाले तर ऋणकोवर देवाचा कोप होईल, ही धास्ती त्या उपायाची धार होती. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने दैवी कोपाचे भय घालण्याच्या अपराधाचे उदाहरण देताना दाराशी धरणे धरून बसणाऱ्याचेच उदाहरण दिले, इतकी ही रीत परिचित होती. महाजनकीच्या घरात जन्मलेल्या तुकारामांना या शब्दाचे वजन पुरेपूर ठाऊक असणार. महीपतींनी सांगितलेल्या चरित्रात तर असे आहे, की तुकारामांनी लोकांकडून येणे असलेल्या आपल्या वाट्याच्या खतांचे कागद त्याच इंद्रायणीत बुडवून टाकले. माणसांवरचा दावा सोडणारा हा वाणी देवावरचा दावा मात्र सोडीत नाही. माणसांकडून काही येणे उरले नाही, देवाकडून आहे.

या दाव्याचे स्वरूप मोठे विलक्षण आहे. व्यवहारातील धरण्याची सारी शक्ती देवाच्या कोपाच्या भयात होती. परंतु जिथे ऋणको साक्षात देवच आहे तिथे कोणाच्या कोपाचे भय घालणार? धाक दाखविण्याचे साधन इथे मुळातच नाहीसे झालेले आहे. उरतो तो केवळ संबंध: तू देणे लागतोस आणि मी दाराशी बसलो आहे. आर्ताचे बळ म्हणजे काय हे पाहावयाचे असेल, तर या निःशस्त्र धरण्याकडे पाहावे. त्याच्यापाशी दंड नाही, पुण्याचा साठा नाही, जातीचा अधिकार तर विरोधकांनी नाकारलेलाच आहे. तरीही तो उठून जात नाही.

वह्या परत मिळाल्यानंतरचे अभंग या दृष्टीने आणखी उद्बोधक आहेत. तिथे विजयाचा सूर अपेक्षित असतो; आढळतो तो संकोच. लोकांच्या बोलण्यापायी आपण देवाला शिणविले, त्याचा अंत पाहिला, हा आपला अपराध झाला, अशी खंत तुकाराम व्यक्त करतात. ज्याला केवळ सुटका हवी होती त्याला सुटकेनंतर असे वाईट वाटणार नाही. सुटकेपेक्षा संबंध मोठा असल्यामुळेच, त्या संबंधाला ताण दिल्याची रुखरुख लागते. आर्ताला संकट सरताच देवाचा विसर पडतो, या शंकेला याहून समर्पक उत्तर कोणते असणार?

तुकारामांच्या आर्तवाणीत सावकारीच्या परिभाषेजोगतीच दुसरी एक परिभाषा आहे, ती मुलाची. विठ्ठल हा ऋणको आहे तशी विठाई ही माउलीही आहे. तिच्यावर रुसता येते, तिला बोल लावता येतो, तिच्या पायांशी लोळण घेता येते. वरवर पाहता या दोन भूमिका विसंगत आहेत. परंतु धनको आणि मूल या दोघांत एक साम्य आहे: दोघेही उपकार मागत नाहीत, हक्क मागतात. एकाचा हक्क व्यवहारातून, दुसऱ्याचा जन्मातून. याचकाची भूमिका तुकाराम घेतात, पण ती त्यांची शेवटची भूमिका नव्हे. अठराव्या शतकातील बंगालमध्ये रामप्रसाद सेन यांच्या श्यामासंगीतात याच दोन परिभाषा पुन्हा एकत्र आलेल्या दिसतात. हिशेबनीस म्हणून नोकरी करताना हिशेबाच्या वहीतच ते पदे लिहीत, अशी आख्यायिका आहे. कालीमातेला उद्देशून लिहिलेल्या त्यांच्या पदांत आईवरचा रुसवा आणि कज्जे, वसुली, जमाखर्च यांची भाषा परस्परांत मिसळून गेली आहे. देहू आणि बंगाल यांच्यात उसनवारीचा संबंध दाखविता येत नाही. म्हणूनच हे साम्य अधिक अर्थपूर्ण ठरते. आर्ताला हक्काची भाषा हवी असते आणि ती त्याला आपल्या घरातून व आपल्या धंद्यातून मिळते.

४

मराठी संतांच्या अभंगांना निकोल मॅकनिकल यांनी आपल्या १९१९ सालच्या इंग्रजी अनुवादसंग्रहात बायबलमधील स्तोत्रांचे नाव दिले. एकशे आठ अभंगांच्या त्या निवडीचे शीर्षकच मुळी मराठी संतांची स्तोत्रे अशा आशयाचे आहे. हे नामकरण केवळ धर्मोपदेशकाच्या सोयीचे नव्हते. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण वामन टिळक आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत, आणि त्यांनी ख्रिस्ती भजनासाठी अभंगाचेच रूप स्वीकारले. दोन परंपरांना जोडणारी वाट म्हणजे आर्तवाणी, ही जाणीव त्या पिढीला होती.

स्तोत्रसंहितेच्या हिब्रू नावाचा अर्थ स्तुती असा आहे. परंतु तिच्या दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे तिसरा हिस्सा विलापाचा आहे. हेर्मान गुंकेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या स्तोत्रांचे रचनाप्रकार निश्चित केले, तेव्हा विलापस्तोत्राची एक ठराविक घडण स्पष्ट झाली: देवाला हाक, दुःखाचे निवेदन, विनवणी आणि शेवटी विश्वासाकडे वा स्तुतीकडे वळण. हे वळण कशाने येते याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पण अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात ते वळण येतच नाही. ते अंधाराच्या उल्लेखातच संपते. तरीही संकलकांनी त्याला स्तुतीच्या ग्रंथात जागा दिली. ज्याला उत्तर मिळाले नाही त्याचेही बोलणे देवाशी झालेले बोलणे आहे, म्हणून ते स्तुतीच्या ग्रंथात शोभते, असा याचा अर्थ होतो.

ईयोबाच्या ग्रंथात हाच विचार नाट्यरूपाने आला आहे. ईयोबाचे धन गेले, मुले गेली, शरीर व्याधीने सडले. त्याचे मित्र अलीफज, बिल्दद आणि सोफर त्याला समजवायला येतात. प्रारंभी सात दिवस ते काही न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात. समाचाराला आलेल्यांनी केलेली ही त्यांची सर्वांत चांगली गोष्ट. बोलू लागतात तेव्हा ते देवाविषयी अनेक निर्दोष सिद्धांत सांगतात: देव न्यायी आहे, दुःख हे पापाचे फळ आहे, पश्चात्ताप केल्यास सर्व ठीक होईल. ईयोब मात्र त्यांच्याशी वाद करता करता मध्येच वळतो आणि थेट देवालाच जाब विचारतो. संपूर्ण ग्रंथात हे मित्र देवाविषयी बोलतात. देवाशी एकदाही बोलत नाहीत. अखेरीस देव या मित्रांवर रागावतो आणि ईयोब जसे यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत असे त्यांना सुनावतो. त्या वाक्यातील हिब्रू पदाचा अनुवाद बहुतेक ठिकाणी माझ्याविषयी असा केला जातो. त्या पदाचा सर्वसामान्य अर्थ मात्र माझ्याकडे, मला उद्देशून असा आहे. ग्रंथाची घडण ध्यानात घेतली म्हणजे हा दुसरा अर्थ दृष्टिआड करता येत नाही. ईयोबाच्या तक्रारीत अतिरेक होता. पण ती योग्य पत्त्यावर गेली होती.

इथेच तुकारामांच्या एका अडचणीच्या अभंगाचा उलगडा होतो. दिवाळे निघाले ते बरे झाले, दुष्काळाने पीडा केली ते बरे झाले, अशी आपल्या आपत्तींची एकेक नोंद करीत जाणारा तो अभंग मराठी वाचकाला पाठ असतो. आपत्ती ही देवाची कृपाच होय, या सिद्धांताच्या समर्थनार्थ तो नेहमी पुढे केला जातो. परंतु तो सिद्धांत नव्हे. तो देवाला संबोधून केलेला एका माणसाचा स्वतःचा हिशेब आहे. बरे झाले हे शब्द ज्याचे घर बसले त्याने देवापुढे उच्चारले तर ते भक्तीचे शब्द होतात. तेच शब्द समाचाराला आलेल्या शेजाऱ्याने उच्चारले तर ते ईयोबाच्या मित्रांचे शब्द होतात. दुःखाचा अर्थ लावण्याचा अधिकार दुःख भोगणाऱ्याचा आहे. आर्तवाणीवरील निरूपणांनी या मर्यादेचे भान अनेकदा सोडले आहे आणि त्या वाणीला दुसऱ्यांच्या दुःखावर लावावयाचे तयार औषध बनविले आहे.

५

समीक्षेने केलेला दुसरा प्रमाद अधिक सूक्ष्म आहे. गुरुदेव रा. द. रानडे यांनी १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या महाराष्ट्रातील गूढवादावरील आपल्या इंग्रजी ग्रंथात तुकारामांच्या आर्त अभंगांचा विचार आत्म्याची अंधारी रात्र या संकल्पनेच्या आधारे केला. सोळाव्या शतकातील स्पॅनिश संतकवी सेंट जॉन ऑफ द क्रॉस याची ही संकल्पना. रानडे यांच्या या ग्रंथाने मराठी संतांना जगातील साक्षात्कारी पुरुषांच्या पंक्तीत बसविले, हे त्याचे ऋण मोठे आहे. मात्र या संकल्पनेबरोबर एक क्रमही आत आला: आधी रात्र, मग पहाट, मग मध्याह्न. रात्रीचे अभंग पहाटेसाठी आहेत, असा त्याचा इत्यर्थ.

या क्रमाला गाथेचा आधार नाही. सरकारी द्रव्यसाहाय्याने विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी १८६९ पासून प्रसिद्ध केलेली गाथा असो, वा १९५० साली मुंबई सरकारने काढलेली ४६०७ अभंगांची गाथा असो, तीत अभंग रचनेच्या कालक्रमाने आलेले नाहीत. शांतीच्या अभंगाशेजारी तडफडीचा अभंग येतो आणि त्यांपैकी आधीचा कोणता हे सांगण्याचे साधन उपलब्ध नाही. विषयवार मांडणीच्या आवृत्त्यांत करुणेचे अभंग एका ठिकाणी आणि अनुभवाचे दुसऱ्या ठिकाणी लावले गेले, तेव्हा जी वाटचाल दिसू लागली ती संपादकांच्या मांडणीतून दिसू लागली. गाथा जशी आहे तशी वाचणाऱ्याला निराळे चित्र दिसते: आर्तता आणि शांती यांची ये-जा शेवटपर्यंत चालू आहे. ज्याला भेट झाली तोही पुन्हा हाक मारतो. हाक ही भेटीच्या अभावाची खूण असेलच असे नाही. ती भेटीची रीतही असू शकते.

शिवाय खुद्द सेंट जॉनच्या रात्रीलाही एक तुरुंग होता. १५७७-७८ मध्ये त्याच्याच पंथातील विरोधकांनी त्याला टोलेडो येथे एका अंधाऱ्या कोठडीत कोंडले होते आणि त्याच्या काही श्रेष्ठ कविता त्या बंदिवासात जन्मल्या. त्याची रात्र जर कोठडीपासून सुटी करता येत नाही, तर तुकारामांची रात्र दुष्काळापासून आणि काव्यरचनेवर घातलेल्या बंदीपासून सुटी करण्याचे कारण काय? आर्ताचे दुःख साधनेची अवस्था ठरविले की त्याला दुःख देणारे काळ, समाज आणि माणसे दृष्टीआड होतात.

६

या ठिकाणी एक गंभीर आक्षेप उभा राहतो आणि त्याला बगल देऊन आर्तवाणीची समीक्षा प्रामाणिक राहू शकत नाही. देवाकडे दाद मागणारा माणूस माणसांकडे दाद मागण्याचे सोडून देत नाही काय? देवापासून मिळालेले बळ हे अन्याय सोसण्याचे बळ तर नव्हे? या प्रश्नाला चोखामेळा यांच्या अभंगांसमोर उभे राहूनच उत्तर द्यावे लागते.

चोखोबांना पंढरपूरच्या मंदिरात प्रवेश नव्हता. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असताना ते कोसळून त्याखाली त्यांचा अंत झाला. त्यांची समाधी महाद्वारासमोर आहे, म्हणजे मृत्यूनंतरही उंबरठ्याच्या बाहेरच. त्यांच्या अभंगांत आपल्या जन्माचा दोष पूर्वकर्माकडे देणारे स्वर आहेत. आणि विटाळ नेमका कोणाला, कोठून, हे विचारणारे स्वरही आहेत. त्यांच्या पत्नी सोयराबाई देहाच्या विटाळाविषयीचा प्रश्न तर्काच्या टोकापर्यंत नेतात: विटाळ देहाचा असेल तर त्यापासून मुक्त कोण? मुलगा कर्ममेळा याच्या अभंगांत तर देवाला दिलेला जाब अधिक कडवट आहे. उष्ट्यावर जगण्याचे जिणे देऊन देवाने काय साधले, अशा आशयाची त्याची पृच्छा आहे. एकाच घरातील या तीन वाणी म्हणजे आर्ताच्या अधिकाराचा क्रमशः झालेला विस्तारच होय.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या परंपरेचा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडला. जातिसंस्थेच्या उच्छेदावरील त्यांचे भाषण १९३६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या १९३७ च्या आवृत्तीत महात्मा गांधींना उत्तर देताना, संतांनी जातिभेदाविरुद्ध मोहीम उघडली नाही, माणसामाणसांतील समतेपेक्षा देवापुढील समतेचीच त्यांनी चिंता केली, असे त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितले. आणि १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या मूळासंबंधीचा आपला ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. या दोन गोष्टींत विरोध नाही. देवाच्या दारातील हाकेने दार उघडले नाही हे सत्य आहे; हाक मारणारा माणूस होता, आणि दार बंद ठेवणाऱ्यांहून मोठा होता, हेही सत्य आहे. पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केले आणि ते दार उघडले. चोखोबांच्या मृत्यूपासून सहाशे नऊ वर्षांनी त्या उंबरठ्यावर पुन्हा धरणे धरले गेले. या वेळी दाद मागितली गेली ती देवाकडे नव्हे, देवाच्या नावाने दार अडविणाऱ्यांकडे.

म्हणून आक्षेप अंशतः मान्य करावा लागतो. आर्तवाणी अन्यायाचे निवारण करीत नाही. निवारणाचे साधन म्हणून तिची शिफारस करणे हा आर्ताचाच अपमान होय. ती अन्यायाला गिळू देत नाही ती एकच गोष्ट: सोसणाऱ्याचे बोलणे. ज्याला गावात बोलण्याची बंदी आहे तो देवाशी बोलताना स्वतःला प्रथमपुरुषी सर्वनाम लावतो आणि विश्वाच्या धन्याला द्वितीयपुरुषी. व्याकरणाची ही दोन रूपे ज्याच्याजवळ शाबूत आहेत त्याचे माणूसपण कोणाला पुरते हिरावून घेता आलेले नाही. पुढच्या पिढ्यांना जेव्हा माणसांकडे दाद मागावयाची वेळ आली, तेव्हा ती दोन रूपे त्यांना आयती मिळाली.

७

या विवेचनातून अनुवादाविषयीही काही निष्कर्ष निघतात आणि आंतरभारती व्यवहाराच्या दृष्टीने ते महत्त्वाचे आहेत. आर्त अभंगाचा आशय परभाषेत नेणे तितकेसे कठीण नाही. कठीण आहे तो त्यातील तू. मराठी घरात आईला तू म्हणतात आणि जुन्या वळणाच्या घरात वडिलांना तुम्ही. विठ्ठलाला तू म्हणताच तो आईच्या बाजूला येतो. मॅकनिकल यांच्यासारख्या अनुवादकांनी इंग्रजी बायबलमधील जुने एकवचनी सर्वनाम वापरले, तेव्हा भक्तीचे गांभीर्य राखले गेले पण घरगुती सलगी हरवली. दिलीप चित्रे यांनी आपल्या १९९१ च्या अनुवादात आजच्या बोलीचे सर्वनाम घेतले, तेव्हा सलगी परत आली. आदर व सलगी यांतील भेद मात्र त्या एकाच रूपाला दाखविता येणे शक्य नव्हते. हिंदी, गुजराती, बंगाली यांसारख्या भाषांना ही अडचण नाही. त्यांच्यापाशी सर्वनामांच्या श्रेणी आहेत. तिथे अनुवादकाची खरी कसोटी संकोचाची आहे: देवाला सर्वांत जवळचे रूप लावण्याचे धैर्य तो दाखवितो की सभ्यतेपायी मधले रूप स्वीकारतो?

हीच गोष्ट धंद्याच्या शब्दांची. धरणे या शब्दाच्या जागी उपवास किंवा प्रार्थना असा शब्द आला, की धनकोचा भक्त होतो आणि हक्काची विनवणी होते. आर्ताला नम्र करण्याचा मोह अनुवादकाला पदोपदी होतो. भाषांतरात भक्तीचा सूर शुद्ध राहावा अशी त्याची सदिच्छा असते. परंतु सावकारीचा, कज्ज्याचा, रुसव्याचा हा अशुद्ध सूरच त्या कवितेचा कणा आहे. तो काढून घेतला तर उरणारी शांती कोणाचीही असू शकेल. देहूच्या त्या माणसाची असणार नाही.

गीतेच्या चार भक्तांपैकी आर्ताला शेवटचे स्थान देण्याची रीत तत्त्वज्ञानाच्या सोयीची असेल; वाङ्मयाच्या वाचकाला ती सोयीची नाही. ज्ञानी भक्त देवाशी एकरूप होतो आणि जिथे दोन उरले नाहीत तिथे संभाषणाची गरज संपते. आर्ताला मात्र दुसरा हवा असतो. त्या दुसऱ्याच्या असण्यावर त्याचे सर्व काही अवलंबून असते, आणि म्हणून तो बोलतो. मराठीतील भक्तिकवितेचा फार मोठा भाग या बोलण्याने घडला आहे. त्याचे वाचन यापुढे साक्षात्काराच्या वाटेवरील मजल म्हणून न करता, दाराशी बसलेल्या माणसाचे म्हणणे म्हणून केले गेले, तर ज्ञात अभंगांतूनही पुष्कळ काही अज्ञात ऐकू येईल.